काचेच्या निगेटिव्हपासून रॉ फाइलपर्यंत

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदवलेला, रंग आणि उजेड अजून पक्के न झालेला मूळ ठसा. तो हाताळण्याची शिस्त काचेच्या निगेटिव्हच्या काळात घडली: मूळ जपायचे, त्याला क्रमांक द्यायचा आणि लागेल तशी प्रत काढायची.

मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्या वेळच्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन ती धुवावी लागे. म्हणून छायाचित्रकार अंधारा तंबू बरोबर नेई. पुढे ज्या गावाच्या लग्नसराईकडे वळायचे आहे, ते तेलगाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तो भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओत निगेटिव्हला क्रमांक दिला जाई. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपल्या आहेत. क्रमांकच नसते, तर एवढ्या काचांतून हवे ते चित्र शोधणे फार कठीण झाले असते.

पुढे रोल आला. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही देशी फिल्म कृष्णधवल कामात चांगलीच रुळली. कृष्णधवल रोल स्टुडिओवाला स्वतःच्या डार्करूममध्ये धुवू शके. रंगीत निगेटिव्हची सी-41 प्रक्रिया 1972 मध्ये आली. तिच्यात डेव्हलपर 37.8 अंश सेल्सिअसवर ठेवून रोल 3 मिनिटे 15 सेकंद धुवायचा असतो. एवढी काटेकोर सोय खेड्यात कुठून असणार? रोल शहरातल्या कलर लॅबला जाऊ लागला आणि चित्राचा रंग ठरवणे खेड्यातल्या छायाचित्रकाराच्या हातून निसटले. रोलमध्ये मोजकी 36 चित्रे असत, त्यामुळे निवड मात्र बटण दाबण्यापूर्वीच होई.

डिजिटल कॅमेऱ्याने रंग पुन्हा छायाचित्रकाराच्या हाती दिला. कोडॅकचे ब्राइस बायर यांना 1976 मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गाळणा असतो. उरलेले दोन रंग नंतर शेजारच्या बिंदूंवरून काढतात. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला उजेडाच्या 16,384 पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256. अडोबीच्या चित्रसंपादन सॉफ्टवेअरची कॅमेरा रॉ ही जोड 2003 मध्ये आणि लाइटरूम हे सॉफ्टवेअर 2007 मध्ये आले. दोन्हींत दुरुस्त्या सूचनांच्या रूपात नोंदल्या जातात. मूळ चित्राला धक्का लागत नाही.

मूळ जपण्याची ही शिस्त लग्नसराईत कशी कामी येते, ते तेलगावात पाहू. तिथे लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा; गाळप संपून माणसे गावी परतली की उन्हाळ्यात लग्नांची गर्दी होते. एका तिथीला अनेक मांडव पडतात आणि कॅमेऱ्याची मेमरी कार्डे भराभर भरतात. अशा वेळी वेगाचा पाया म्हणजे क्रम. कार्डावरचे चित्रण दोन वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून, फाइली उघडतात का हे पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. लग्न परत होत नाही. या पायरीवर केलेली घाई भरून निघत नाही. त्यानंतर तारीख आणि कुटुंबावरून फोल्डर, मग निवड. निवड करताना फाइलमधल्या छोट्या जेपेग प्रतिमा पाहिल्या तर जुना संगणकही अडत नाही.

खरा वेळ रंगात जातो. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात उन्हाची झाक चेहऱ्यांवर उतरते, हळदीत तर अंगाचा रंगच पिवळा असतो, आणि रात्रीच्या वरातीत एलईडी व हॅलोजन एकमेकांत मिसळतात. म्हणून हळद, मांडव आणि वरात असे उजेडाप्रमाणे गट पाडून प्रत्येकातले एक चित्र नीट दुरुस्त करतात, तीच सेटिंग गटाला लावतात आणि चुकार चित्रे तेवढी हाताने सुधारतात. हळदीचा पिवळा रंग मात्र पुसू नये. तो त्या दिवसाचा आहे.

अल्बम छापून गेल्यावरही रॉ फाइली ठेवाव्या लागतात. प्रत्येक कंपनीची रॉ पद्धत वेगळी असल्याने अडोबीने 2004 मध्ये डीएनजी ही खुली पद्धत जाहीर केली. दीर्घ साठवणीसाठी तिचा उपयोग होतो. हार्डडिस्क मात्र कधीही बंद पडू शकते, म्हणून दुसरी प्रत स्टुडिओबाहेर, वेगळ्या घरात ठेवतात.