सायकलीचा जीर्णोद्धार आणि अस्सलपणाची कसोटी

जीर्ण वस्तूचा उद्धार करूं पाहणाऱ्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो. जो अवयव नाहींसा झाला, त्याच्या जागीं काय बसवावें? देवालयांच्या बाबतींत या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झालेली आहे. सायकलीसारख्या साध्या वाहनाविषयीं तोच प्रश्न कोणीं काढला, तर वाचकांस कदाचित् हंसूं येईल. परंतु इतिहासाची जी कसोटी ताम्रपटाला लागते, तीच सायकलीच्या चाकालाही लागते, असें आमचें मत आहे.

बदलापूर हें नांव, प्रवासी येथें घोडे बदलीत म्हणून पडलें, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, घोडा बदलला तरी स्वार तोच राहतो. त्याच गांवच्या कात्रप भागांत एखाद्या नव्या इमारतीच्या जिन्याखालीं आजोबांची काळी सायकल कोंकणच्या पावसाळी हवेनें गंजत पडलेली असेल, तर तिची गोष्ट मात्र निराळी. तिचे भाग बदलतां बदलतां खुद्द सायकलच कधीं बदलली, हें घरच्यांच्या ध्यानींही येत नाहीं.

महाराष्ट्रांत सायकलीचा धंदा जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभच 1888 सालीं बेळगांवांतील सायकलीच्या दुकानानें झाला. पुढें नॉटिंगहॅमची रॅले आणि बर्मिंगहॅमची बी.एस.ए. या गाड्या घरोघर मानाच्या झाल्या. मुंबईंत वरळीची हिंद आणि बंगालमध्यें आसनसोलची सेन-रॅले असे देशी कारखानेही निघाले. या दोन्ही देशी कंपन्या सरकारनें 1980 सालीं कायदा करून ताब्यांत घेतल्या. आज त्यांपैकीं एकही चालू नाहीं. अर्थात् त्यांचे भाग मिळण्याचे मार्ग दोनच उरतात. एक, जुन्या दुकानाच्या फळीवर कागदांत गुंडाळून राहिलेला कोरा माल. दुसरा, मोडीत निघालेल्या गाडीचा, पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत मिळणारा वापरलेला माल. हुबेहूब नकलांचा तिसरा मार्ग येथें विचारांत घेण्याचें कारण नाहीं.

कोऱ्या मालाचा मोह कोणालाही पडावा असाच आहे. तो झिजलेला नसतो आणि त्यावर कारखान्याची छाप ताजी असते. परंतु कोरा म्हणजे निर्दोष नव्हे. रबर वापरलें नाहीं तरी काळानें कडक होऊन तडकतें; आंतलें वंगण मेणासारखें थिजतें. शिवाय कोरा भाग अस्सल असला तरी तो त्याच गाडीचा असेल असें नाहीं. रॅलेच्या पायडलांच्या आंसाच्या कपांना इंचास 26 आटे असत; इतर बहुतेक इंग्रज कारखाने 24 आट्यांचे कप घालीत. एकाचा कप दुसऱ्याच्या फ्रेमींत जबरीनें पिळला, तर फ्रेमीचे आटेच नाहींसे होतात. म्हणजे जो अवयव बदलतां येत नाहीं, तोच आपण हातानें गमावून बसतों. स्टर्मी-आर्चरच्या तीन गतींच्या हबवर बहुधा साल व महिना कोरलेला असतो. 1938 सालच्या गाडींत 1955 सालचा कोरा हब बसविणें म्हणजे शिवकालीन पत्रावर पेशव्यांचा शिक्का उठविणें होय!

आणि दिसण्याचें काय? विटलेल्या काळ्या फ्रेमीवर झगझगीत नवें हँडल म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडांतली कोरी बत्तिशी. उलट, त्याच काळाचा, तितकाच झिजलेला भाग त्या गाडीच्या वयाशीं मिळून जातो. तथापि वापरलेल्या मालांतही धोका आहे. त्याची झीज वरून दिसत नाहीं. आणि एका गाडीचें आयुष्य वाढावें म्हणून दुसरी धडकी गाडी मोडली जात असेल, तर असला जीर्णोद्धार काय कामाचा?

या पेंचांतून वाट काढण्यास आम्हांस एकनाथांचें उदाहरण उपयोगी वाटतें. शके 1506 मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अशुद्ध झालेले पाठ त्यांनीं दूर केले. परंतु त्यांत पुढें कोणीं स्वतःची ओवी घालूं नये, असा स्पष्ट इशाराही देऊन ठेवला. ओवी सुरेख आहे एवढ्यानें ती ज्ञानेश्वरांची ठरत नाहीं. भाग चकचकीत आहे एवढ्यानें तो त्या गाडीचा ठरत नाहीं.

म्हणून आमचा निर्णय असा. ज्यावर बसणाऱ्याचा जीव अवलंबून आहे, ते ब्रेकचे रबर, टायर, ट्यूब, चाकांतले छर्रे, हे खुशाल आजचे नवे घालावे. हे भाग झिजण्यासाठींच जन्माला येतात. हब, चामडी सीट, घंटी, मडगार्ड हे त्या काळाचे साक्षीदार आहेत; यांच्या जागीं त्याच सालाच्या आसपासचा वापरलेला भाग, तोही आधींच मोडलेल्या गाडीचा, पसंत करावा. कोरा भाग साल व माप जुळत असेल तरच घ्यावा. आणि काढलेला जुना भाग, कितीही निकामी असो, भंगारांत न देतां चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. काय काढलें, काय घातलें, केव्हां, याची नोंद करावी. ती नोंद असेल, तर पुढच्या पिढीला आपली चूकही दुरुस्त करतां येईल. ती नसेल, तर आजोबांची म्हणून जी गाडी आपण नातवाच्या हातीं देऊं, ती वास्तविक कोणाची, हें त्याला कोण सांगणार?