मुद्गलाची चाल, बारबेलचे आकडे

व्यायामाच्या तक्त्यावर ‘बैठक, 8 वेळा’ यापुढे 4-0-1-0 असे काही लिहिलेले दिसले, की बीड-पाटोद्याकडच्या तालमीत वाढलेला पैलवान बुचकळ्यात पडतो. अर्थ सोपा आहे. वजन घेऊन खाली जायला 4 सेकंद, तळाशी थांबायचे नाही, उठायला 1 सेकंद, वरही थांबायचे नाही. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक इयान किंग यांनी ही खूण तीन आकड्यांत मांडली, कॅनडाच्या चार्ल्स पोलिक्विन यांनी चौथा आकडा जोडून ती जगभर नेली. इथवरची गोष्ट जिमवाल्यांना ठाऊक असते. पण वजन उचलण्याला सेकंदांचे गणित मुळात चिकटले कुठून? त्या प्रश्नाचा माग काढत गेले, की माणूस प्रयोगशाळेत पोचण्याऐवजी लाल मातीत, मुद्गलापाशी येऊन उभा राहतो.

तालमीत वेग कोणी सांगत नाही. वस्ताद संख्या सांगतो: इतके जोर, इतक्या बैठका. पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 मध्ये राष्ट्रकुलात 57 किलो गटाचे सुवर्ण आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत 61 किलो गटाचे कांस्य आणले. तो पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली घडला, म्हणजे याच शिस्तीतून आला. सेकंद मोजायची गरज या शिस्तीला भासली नाही, कारण निदान एका साधनाच्या बाबतीत वेग साधनच ठरवत होते. मुद्गल खांद्यावरून पाठीमागे सोडला की झोपाळ्यासारखा झुलतो. त्याची चाल लांबीवर ठरते, फिरवणाऱ्याच्या मर्जीवर नाही. घाई केली तर मनगटाला झटका बसतो, रेंगाळले तर तेच लाकूड दुप्पट जड वाटते. हातात घेतलेल्या वजनाला स्वतःची लय असते, हा धडा मुद्गल न बोलता देतो.

हा मुद्गल कंपनी सरकारच्या फौजेबरोबर विलायतेला गेला. 1834 मध्ये लंडनच्या डोनाल्ड वॉकर यांनी मर्दानी व्यायामांवरच्या पुस्तकात त्याचे हात छापले आणि दोनच वर्षांत स्त्रियांसाठीच्या पुस्तकात त्याचा हलका अवतार आणला. 1866 मध्ये न्यू यॉर्कच्या सिम केहो यांनी अमेरिकेत त्यावर स्वतंत्र पुस्तक काढले. खरी कलाटणी मात्र डायो लुईस यांच्या वर्गांत मिळाली. 1860च्या दशकात ते लाकडी डंबेल्स आणि मुद्गलांचे व्यायाम संगीताच्या ठेक्यावर करून घेत. पन्नास माणसे एकाच वेळी हात वर-खाली करणार, तर कोणीतरी मात्रा मोजायलाच हवी. लाकडात दडलेली लय अशी मोजणीत उतरली. मुद्गल फिरवणे पुढे 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये चक्क पदकाचा खेळ होते!

यावर प्रतिपक्ष तयारच असतो. स्वीडनच्या लिंग यांची हुकमावर चालणारी कवायत आणि जर्मनीच्या यान यांचे व्यायामशास्त्र यांनीही एक-दोन-तीनची सवय लावली होती, मग श्रेय मुद्गलाला का? आक्षेप वजनदार आहे. पण लिंग यांची कवायत मुख्यतः रिकाम्या हातांची, आणि तिच्यात भर शरीराच्या नेमक्या स्थितीवर. वजन आणि ठेका यांचे लग्न लावले ते मुद्गलानेच, असे म्हणायला भरपूर जागा आहे. दुसरा पक्ष शरीरशास्त्रज्ञांचा. ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये स्नायूचा वेग वाढला की त्याचा जोर घटतो, याचे समीकरण दिले. ते पक्के आहे, पण तोवर ठेक्यावर डंबेल्स उचलणाऱ्यांच्या तीन पिढ्या होऊन गेल्या होत्या.

या प्रवासाची परतफेरही झाली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून सर्वांना माहीत आहेत. पण त्याआधी जवळपास दहा वर्षे ते युरोपातला नामांकित बलवान सँडो याच्या पद्धतीचा व्यायाम नेमाने करत होते. गटाने, एका तालात घातलेल्या नमस्कारांत सँडोच्या तक्त्याची सावली दिसते, असे म्हटले तर औंधकर रागावतील. रागावोत.

मुद्गलाच्या 1932 च्या ऑलिंपिकनंतर ठेक्याची ही साखळी जरा सैल होते. पुढचे ठळक नाव थेट आर्थर जोन्स यांचे. 1970 च्या सुमारास त्यांनी नॉटिलस यंत्रे विकायला काढली, आणि 2 सेकंद वर, 4 सेकंद खाली हा त्या यंत्रांचा मंत्र झाला. मधली कडी अमेरिकेतल्या शाळांचे व्यायामवर्ग असणार. तिथे मुद्गल गेले तरी मोजणारा मास्तर राहिला. 1982 मध्ये केन हचिन्स यांनी ठिसूळ हाडांच्या स्त्रियांना झटका बसू नये म्हणून 10 सेकंदांत वजन उचलण्याची अतिसंथ रीत काढली.

या सगळ्यात नवे काही असेल तर ते ‘खाली’ येण्याचे सेकंद. बीडचा ऊसतोड कामगार मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढतो आणि वर टाकून देतो. उतरताना डोके मोकळे असते. कष्टाच्या कामात वजन सावकाश खाली आणायला कोणाला वेळ आहे? तो अर्धा भाग जिमने शोधला, आणि तो स्वस्तही पडतो. 1952 मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचे, दुसऱ्याने त्याला नुसते रोखायचे. रोखणाऱ्याला प्राणवायू कित्येक पट कमी लागला. शिवाय उठताना न पेलणारे वजनही खाली आणताना आवरता येते, आणि 4 हा आकडा नेमका तिथे बसवला जातो.

मग योग्य वेग कोणता? स्नायू भरण्यापुरते बोलायचे तर 2015 मध्ये शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले. एका आवर्तनाला अर्धा सेकंद लागो की 8 सेकंद, फळ जवळपास सारखेच दिसले. 10 सेकंदांच्या पुढे मात्र ते घटत असावे. पैलवानाला हवा असतो तो झटक्याचा जोर, त्यासाठी वर जाणारा भाग जमेल तितक्या वेगाने करायचा. स्पेनच्या गोन्सालेस-बादियो आणि सांचेस-मेदिना यांनी 2010 मध्ये प्रश्नच उलटा केला. बाकावर झोपून जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाची दांडी सेकंदाला सुमारे 16 सेंटीमीटरच सरकते, असे त्यांना आढळले. त्यामुळे वेग आधी ठरवण्याऐवजी दांडीचा वेग मोजायचा आणि त्यावरून आजचे वजन ठरवायचे, ही रीत आता मोबाईलच्या कॅमेऱ्यावरही चालते.