महिला क्रिकेट, व्यावसायिक : मुंबई संघाचा पहिला हंगाम

मुंबई इंडियन्स (महिला) : भारतातील महिलांच्या पहिल्या व्यावसायिक क्रिकेट साखळी स्पर्धेतील मुंबईचा संघ आणि त्या स्पर्धेचा पहिला विजेता. ‘विमेन्स प्रीमियर लीग’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या स्पर्धेचा पहिला हंगाम ४ ते २६ मार्च २०२३ ह्या काळात नवी मुंबईतील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडागार आणि मुंबईतील ब्रेबॉर्न क्रीडागार ह्या दोन मैदानांवर पार पडला. स्पर्धेत मुंबई, दिल्ली, बंगळूरू, गुजरात व उत्तर प्रदेश ह्या नावांचे पाच संघ होते आणि एकूण बावीस सामने झाले. भारतात स्त्रिया संघटितपणे क्रिकेट खेळू लागल्या, त्याला ह्या सुमारास पन्नास वर्षे होत आली होती. त्यांपैकी बहुतेक वर्षांत हा खेळ खेळाडूंना उपजीविका देणारा नव्हता. उलट त्यांनीच पदरमोड करून तो जगविला होता. मुंबई संघाच्या पहिल्या हंगामाचे ऐतिहासिक महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

पूर्वपीठिका : भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी १९७३ मध्ये लखनौ येथे झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पुणे येथे महिलांची पहिली आंतरराज्य अजिंक्यपद स्पर्धा भरविण्यात आली. तीत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते, म्हणजे तीनांपैकी दोन संघ महाराष्ट्रातील होते. मुंबईत आलू बामजी ह्यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘आल्बीज’ हा मुलींचा संघ त्याआधीच मैदानात उतरला होता. वर्षअखेरीस वाराणसी येथे झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत आठ, तर कलकत्त्यातील तिसऱ्या स्पर्धेत चौदा संघ उतरले. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील महिलांचा संघ भारतात आला आणि पुणे, दिल्ली व कलकत्ता येथे तीन सामने झाले. त्यांतील पुण्याच्या सामन्यात भारताचे नेतृत्व उज्ज्वला निकम ह्यांनी केले. १९७६ मध्ये शांता रंगस्वामी ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला वेस्ट इंडीजविरुद्ध आपला पहिला कसोटी सामना खेळल्या. १९७८ मधील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, त्या वेळी मुंबईच्या डायना एडलजी ह्या कर्णधार होत्या.

संघटनेचा हा विस्तार झपाट्याचा असला, तरी तिची आर्थिक स्थिती कायम ओढगस्तीची राहिली. संघ अनेकदा रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून प्रवास करीत. मुक्काम शाळांत किंवा वसतिगृहांच्या सामाईक खोल्यांत असे आणि साहित्य खेळाडूंनी आपसांत वाटून घ्यावे लागे. सामन्याचे मानधन नाममात्र असे किंवा मुळीच नसे. भारतीय रेल्वेतील नोकरी हा खेळाडूला मिळणारा प्रमुख भक्कम आधार होता. एडलजी स्वतः पश्चिम रेल्वेत अधिकारी होत्या. ही नोकरी खेळामुळे मिळे, पण पगार मात्र नोकरीचा असे. ज्या खेळाडूला नोकरी मिळत नसे, तिच्यापुढे विवाह किंवा घरची जबाबदारी येताच खेळ सोडण्यावाचून पर्याय उरत नसे.

२००६ मध्ये महिला क्रिकेट संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली आणि मैदाने, प्रवास व प्रशिक्षण ह्यांची व्यवस्था सुधारली. राष्ट्रीय संघातील महिलांना वार्षिक करार मात्र २०१५ पासून मिळू लागले. २०१७ मध्ये लॉर्ड्‌स मैदानावर झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत इंग्लंडकडून अवघ्या नऊ धावांनी हरला. त्या पराभवानेच महिलांच्या खेळाला भारतात प्रथमच मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. २०१८ मध्ये वानखेडे क्रीडागारावर एक प्रदर्शनीय सामना झाला. पुढे त्याचे तीन संघांच्या छोट्या स्पर्धेत रूपांतर झाले आणि तिचा शेवटचा हंगाम २०२२ मध्ये पुण्याजवळील गहुंजे येथे पार पडला. ऑस्ट्रेलियात महिलांची अशी साखळी स्पर्धा २०१५ पासून, तर इंग्लंडमध्ये २०१६ पासून सुरू होती. ह्याचा अर्थ, क्रिकेटवर सर्वाधिक पैसा खर्च करणारा देश ह्या बाबतीत मागे राहिला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामक मंडळाने आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन स्त्री-पुरुषांना समान केले आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत प्रीमियर लीग प्रत्यक्षात आली.

संघाची उभारणी : जानेवारी २०२३ मध्ये पाच संघांचे हक्क मिळून ४,६६९.९९ कोटी रुपयांना विकले गेले. मुंबईच्या संघासाठी पुरुषांच्या मुंबई संघाच्या मालकांनीच ९१२.९९ कोटी रुपये मोजले. प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी ९५१ कोटी रुपयांना गेले. खेळाडूंचा लिलाव १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत झाला. प्रत्येक संघाला त्यासाठी बारा कोटी रुपयांची मर्यादा होती. लिलावात सत्त्याऐंशी खेळाडूंवर मिळून ५९.५ कोटी रुपये खर्च झाले.

मुंबईने इंग्लंडची अष्टपैलू खेळाडू नॅट सिव्हर-ब्रंट हिला ३.२ कोटी, पूजा वस्त्रकार हिला १.९ कोटी, भारताची कर्णधार हरमनप्रीत कौर हिला १.८ कोटी आणि यष्टिरक्षक यस्तिका भाटिया हिला १.५ कोटी रुपयांना घेतले. वेस्ट इंडीजची हेली मॅथ्यूज ४० लाखांत, तर बंगालची डावखुरी फिरकी गोलंदाज सैका इशाक अवघ्या दहा लाखांत, म्हणजे किमान बोलीच्या रकमेत, संघात आली. आसामची जिंतिमणी कलिता व मुंबईची हुमैरा काझी ह्यांनाही त्याच रकमेत स्थान मिळाले. इंग्लंडची माजी कर्णधार शार्लट एडवर्ड्‌स मुख्य प्रशिक्षक, तर झूलन गोस्वामी मार्गदर्शक व गोलंदाजीची प्रशिक्षक होती.

लिलावाच्या पद्धतीमुळे गाव व संघ ह्यांचा जुना संबंध उरला नाही. मुंबईच्या मैदानांवर घडलेली जेमिमा रॉड्रिग्ज २.२ कोटी रुपयांना दिल्लीकडे गेली. सांगलीची स्मृती मानधना ३.४ कोटी रुपयांना बंगळूरूकडे गेली आणि तीच लिलावातील सर्वोच्च बोली ठरली. मुंबईचे नाव धारण करणाऱ्या संघात मुंबईची खेळाडू जवळजवळ नव्हती. १९७३ मध्ये पुण्यात उतरलेल्या संघाहून हा संघ सर्वस्वी वेगळा होता. पूर्वीचा संघ गावाचा होता, पण खेळाडूला तो काही देऊ शकत नव्हता. नवा संघ मालकाचा होता, पण खेळाडूच्या श्रमाची त्याने किंमत ठरविली होती.

हंगाम : स्पर्धेचा पहिला सामना ४ मार्च रोजी डी. वाय. पाटील क्रीडागारावर मुंबई व गुजरात ह्यांच्यात झाला. मुंबईने ५ बाद २०७ धावा केल्या. त्यांत हरमनप्रीतने चौदा चौकारांसह तीस चेंडूंत ६५ धावांचा वाटा उचलला. गुजरातचा डाव ६४ धावांत आटोपला आणि मुंबई १४३ धावांनी विजयी झाली. सैका इशाकने अकरा धावांत चार बळी घेतले. त्यानंतर मुंबईने बंगळूरूला नऊ, तर दिल्ली व उत्तर प्रदेश ह्यांना प्रत्येकी आठ गडी राखून हरविले आणि १४ मार्च रोजी गुजरातवर पुन्हा ५५ धावांनी मात केली. ओळीने पाच विजय मिळवून मुंबई बाद फेरीत दाखल झाली.

ह्यानंतर मात्र संघाची घोडदौड अडखळली. १८ मार्च रोजी उत्तर प्रदेशाने पाच गडी राखून, तर २० मार्च रोजी दिल्लीने नऊ गडी राखून मुंबईला हरविले. दुसऱ्या पराभवात दिल्लीने ११० धावांचे लक्ष्य केवळ नऊ षटकांत गाठले. मुंबई व दिल्ली ह्यांचे प्रत्येकी बारा गुण झाले. तथापि धावगतीच्या आधारे दिल्लीला पहिले स्थान व थेट अंतिम फेरीतील प्रवेश मिळाला. मुंबईला एक जादा सामना खेळावा लागला. २४ मार्च रोजी झालेल्या त्या सामन्यात सिव्हर-ब्रंटने ३८ चेंडूंत नाबाद ७२ धावा केल्या. इंग्लंडची वेगवान गोलंदाज इझी वाँग हिने स्पर्धेतील पहिली हॅट्‌ट्रिक साधून उत्तर प्रदेशाचा डाव ११० धावांत संपविला. मुंबईने हा सामना ७२ धावांनी जिंकला.

अंतिम सामना २६ मार्च रोजी ब्रेबॉर्न क्रीडागारावर झाला. प्रथम फलंदाजी करणाऱ्या दिल्लीची अवस्था ९ बाद ७९ अशी झाली होती. अशा वेळी गोव्याची शिखा पांडे व मुंबईची राधा यादव ह्या दोघींनी शेवटच्या जोडीसाठी अवघ्या चोवीस चेंडूंत ५२ धावांची अभंग भागी रचून धावसंख्या १३१ पर्यंत नेली. मॅथ्यूजने चार षटकांत केवळ पाच धावा देऊन तीन बळी घेतले होते. मुंबईचेही दोन गडी २३ धावांत बाद झाले. तथापि सिव्हर-ब्रंट (नाबाद ६०) व हरमनप्रीत (३७) ह्यांनी तिसऱ्या जोडीसाठी ७२ धावा जोडल्या आणि तीन चेंडू शिल्लक असताना मुंबईने सात गडी राखून विजेतेपद मिळविले. विजेत्या संघास सहा कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. सोळा बळी व २७१ धावा अशी कामगिरी करणारी मॅथ्यूज स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली.

मूल्यमापन : ह्या हंगामात मुलींना व स्त्रियांना सामन्यांसाठी विनामूल्य प्रवेश होता आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद अपेक्षेहून मोठा मिळाला. परंतु महत्त्वाचा बदल प्रेक्षागारात नव्हे, तर खेळाडूंच्या घरी घडला. दहा लाख रुपयांची किमान बोलीसुद्धा देशांतर्गत सामन्यांच्या मानधनावर वर्षानुवर्षे खेळणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने आयुष्याची दिशा बदलणारी होती. सैका इशाकने पंधरा बळी घेतले आणि वर्षअखेर तिची भारतीय संघात निवड झाली. स्थानिक क्रिकेटमध्ये दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेली गुणवत्ता तीन आठवड्यांत सर्वांच्या नजरेस आली. ही गुणवत्ता लिलावाने निर्माण केलेली नव्हती. विनामोबदला खेळलेल्या पिढ्यांनी उभ्या केलेल्या संघटनेत, रेल्वेच्या संघांत व गावोगावच्या मैदानांवर ती घडली होती. व्यावसायिक हंगामाने जुन्या पेरणीचे पीक काढले, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

ह्या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. संघांच्या हक्कांसाठी मोजलेली रक्कम आणि खेळाडूंवर झालेला खर्च ह्यांत फार मोठे अंतर होते. हक्कांची रक्कम अनेक वर्षांसाठीची होती हे लक्षात घेतले, तरी हे अंतर नजरेत भरते. हंगाम तेवीस दिवसांचा होता आणि देशातील क्रिकेट खेळणाऱ्या असंख्य मुलींपैकी लिलावात निवडल्या गेलेल्यांची संख्या शंभरही नव्हती. उरलेल्या सर्वांचे भवितव्य राज्य संघटनांचे सामने, शाळा व नोकऱ्या ह्यांवरच अवलंबून राहिले.

पहिला हंगाम यशस्वी झाला म्हणजे व्यवसाय स्थिरावला, असा निष्कर्ष घाईचा ठरतो, हे महिलांच्या फुटबॉलच्या इतिहासावरून दिसते. अमेरिकेत २००१ मध्ये आठ संघांची व्यावसायिक महिला फुटबॉल साखळी मोठ्या उत्साहात सुरू झाली आणि तीन हंगामांनंतर २००३ मध्ये बंद पडली. भारतीय महिला फुटबॉल लीगच्या पहिल्या हंगामाची मुख्य फेरी २०१७ मध्ये दिल्लीत १८ दिवसांत उरकली. सहा संघांच्या त्या फेरीत पुणे सिटी हा महाराष्ट्राचा संघ होता. अजिंक्यपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्‌स क्लबला हरवून मिळविले. पुणे सिटी हा क्लब २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याबरोबर त्याचा महिला संघही संपला. लीग पुढे चालू राहिली. तथापि ज्या खेळाडूंनी त्या संघाच्या भरवशावर आपला दिनक्रम आखला होता, त्यांच्यामागे क्लबच उरला नाही. संघ मालकाच्या ताळेबंदावर उभा असतो तोवर खेळाडूचे भवितव्यही त्यावरच अवलंबून राहते.

त्या मानाने महिला क्रिकेटचा पाया अधिक भक्कम ठरला. बंगळूरूने २०२४ चे विजेतेपद मिळविल्यानंतर १५ मार्च २०२५ रोजी मुंबईने ब्रेबॉर्न क्रीडागारावरच दिल्लीला आठ धावांनी हरवून दुसऱ्यांदा ही स्पर्धा जिंकली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी डी. वाय. पाटील क्रीडागारावर भारताने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून महिलांचा एकदिवसीय विश्वचषक प्रथमच पटकाविला. ज्या मैदानावर व्यावसायिक स्पर्धेचा पहिला चेंडू टाकला गेला, त्याच मैदानावर आणि त्याच हरमनप्रीत कौरच्या नेतृत्वाखाली हा विजय मिळाला. पुण्यातील तीन संघांच्या स्पर्धेपासून येथवरचा हा प्रवास मुख्यतः मानधनाविना खेळलेल्या स्त्रियांनी पार पाडला. त्यांच्या श्रमाचा मोबदला त्यांना मिळाला नाही. तो पुढच्या पिढीच्या पदरी पडला. हा मोबदला निवडक खेळाडूंपुरता न राहता जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलींपर्यंत किती पोहोचतो, ह्यावरच ह्या व्यवसायाचे पुढील यश मोजावे लागेल.