धुऱ्यावरच्या माशा

वर्धा जिल्ह्याचा आणि मधमाशीचा संबंध जुना आहे. 1934 साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा ते पाहत. घाणीचे तेल, हातकागद, गूळ यांच्या जोडीला तिथे मधमाशापालनही होते. पेटीत नांदायची ती आपली सातेरी. आग्या आणि फुलोरी मात्र उघड्यावर एकच पोळे लावतात. त्यांना पेटी मानवत नाही. आग्याचा मध काढायचा तर रात्री टेंभा पेटवून माशा जाळायच्या, अशी जुनी रीत. पुढे वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने टेंभ्याशिवाय, अंगभर पोशाख घालून, फक्त मधाचा भाग कापून घ्यायला शिकवले. पिलांचे पोळे राहते, माशाही राहतात.

आमच्या देवळीकडे इतपतच ओळख : "आग्या मोहोयाच्या नादी लागू नोको, बापा!" पण शेतात राबणाऱ्या पुष्कळ माशा मोहोळ लावतच नाहीत. त्यांना ना राणी, ना मध. एकेक मादी धुऱ्याच्या कोरड्या मातीत बीळ करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते आणि तोंड बुजवून निघून जाते. एक पानकापी माशी पानाचे गोल तुकडे नेऊन घर मढवते. काळा भुंगा गोठ्याच्या वाळक्या लाकडात भोक पाडतो. गोठ्याचा वासा बदलायचा विषय निघाला की आजी म्हणे, "राहू द्या ना. त्याईले घर हाय, म्हणून आपल्या वेलाले फय हाय."

आजीचे म्हणणे खरेच होते. कोहळ्याचे नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. माशी फिरली नाही तर फळ धरत नाही. वांग्याचा पराग बारीक छिद्रातून पडतो. भुंगा फूल धरून घूंऽऽ करतो तेव्हा तो झडतो. पेटीतल्या माशीला ही युक्ती जमत नाही.

मग धुरे बारीक झाले, गोठ्यावर टिना आल्या, गवतावर तणनाशक आले. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीची फवारणी काही वर्षे कमी झाली, पण मावा-तुडतुड्यांची राहिलीच. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी अन् मजूर दगावले. ज्या विषाने माणूस आडवा होतो, त्यापुढे माशीचा काय टिकाव?

यासाठी फार काही करावे लागत नाही. धुऱ्याचा एखादा उन्हाळ तुकडा नांगरू नये, जाळू नये. वाळके खोड असू द्यावे. पोकळ बांबूच्या कांड्यांची जुडी पावसापासून आडोशाला टांगावी. पीक फुलावर असताना फवारणी टाळावी. टळतच नसेल तर सांज झाल्यावर, माशा घरी गेल्यावर करावी. आणि परसात एक तुळस, एक कोहळ्याचा वेल. सकाळी लवकर त्याच्या पिवळ्या फुलात डोकावले, की आपल्या शेतात अजून कोण कोण कामाला येते ते कळते.