‘ओरिअँडा’चा नाश : मासेमारी नौका आणि स्कार्बरोचे सुरुंगक्षेत्र (१९१४)

पहिल्या महायुद्धाच्या नाविक इतिहासात मोठ्या लढाऊ जहाजांच्या नाशाची हकीगत सविस्तर सापडते. परंतु युद्धासाठी भाड्याने घेतलेल्या मासेमारी नौकांचा नाश बहुधा एखाद्या ओळीत आटोपलेला असतो. ग्रिम्झबी बंदरातील ट्रॉलर ‘ओरिअँडा’ १९ डिसेंबर १९१४ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्कार्बरोसमोर सुरुंग काढीत असता बुडाली. तिच्यासंबंधीचा अधिकृत मजकूरही असाच तोकडा आहे. तथापि ती का बुडाली याचा विचार करू लागले, म्हणजे त्या युद्धातील एका संपूर्ण सेवाशाखेची रचना, तिचे बळ आणि तिचे वैगुण्य ही तिन्ही उलगडू लागतात. शत्रूने टाकलेल्या सुरुंगांचे ठिकाण शोधून काढण्यास त्या वेळी नौकेच्या तळाखेरीज दुसरे खात्रीचे साधन नव्हते, हे त्या नाशाचे खरे कारण होय.

प्रथम शब्दाकडे वळणे सोयीचे होईल. ‘सुरुंग’ हा शब्द मराठीत किल्ल्यांच्या वेढ्यांतून रुळला. संस्कृतातील ‘सुरुङ्गा’ हे त्याचे मूळ रूप कौटिलीय अर्थशास्त्रात आढळते, आणि ते ग्रीक ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी या शब्दापासून आले असावे असे अनेक पंडितांचे मत आहे. आरंभी त्याचा अर्थ भुयार एवढाच होता. तटाखाली भुयार खणून त्यात दारू ठासण्याची रीत पडल्यावर तोच शब्द स्फोटक साधनाला लागला, आणि पुढे ते साधन भुयार सोडून समुद्रात गेले तरी शब्द मात्र कायम राहिला. इंग्रजी ‘माइन’ या शब्दाचा प्रवासही नेमका असाच आहे. या साधनाला आपला कोण आणि परका कोण हे कळत नाही, हा त्याचा स्वभावही जुनाच आहे. १७०० साली साताऱ्याच्या वेढ्यात औरंगजेबाच्या फौजेने मंगळाई बुरुजाखाली पेरलेला सुरुंग उडाला तेव्हा बुरूज बाहेरच्या बाजूस कोसळून मोगलांचेच शेकडो लोक त्याखाली गाडले गेले.

समुद्रातील सुरुंगाची रचना थोडक्यात अशी. हवेची पोकळी असल्याने तरंगू पाहणारा एक लोखंडी गोळा जड बैठकीला तारेने बांधलेला असतो. बैठक तळाशी बसते आणि गोळा पृष्ठभागाखाली काही फुटांवर अधांतरी राहतो. तारेची लांबी ठरलेली असल्यामुळे गोळा तळापासून नेहमी सारख्याच उंचीवर असतो. पाणी मात्र भरती-ओहोटीने चढत-उतरत असते. म्हणून भरतीच्या वेळी ज्या सुरुंगावरून एखादी नौका निर्धास्त निघून जाते, तोच सुरुंग सुकतीच्या वेळी तिच्या तळाला लागतो. कोकणच्या किनाऱ्यावर उधाण आणि भांग यांचा हिशेब ठेवून होडी खडकावरून नेणाऱ्या तांडेलाला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. भेद इतकाच की खडक आपल्या जागी ठाऊक असतो.

रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) दोन्ही पक्षांची मोठमोठी जहाजे सुरुंगांनी बुडाली, आणि सर्वच नाविक राष्ट्रांना या साधनाची धास्ती वाटू लागली. १९०७ च्या हेग परिषदेत शत्रूच्या किनाऱ्यासमोर केवळ व्यापारी वाहतूक अडविण्याच्या हेतूने सुरुंग टाकू नयेत असे कलम झाले. पण ‘केवळ’ या एका शब्दाने ते कलम इतके पोकळ केले होते की कोणत्याही सेनापतीला दुसरा एखादा हेतू सांगून सुटता यावे. शिवाय जर्मनीने आणि फ्रान्सनेही त्या कलमापुरती आपली संमती राखून ठेवली होती.

त्याच वर्षी ब्रिटिश चॅनेल आरमाराचे सरसेनापती लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी ग्रिम्झबीच्या ट्रॉलरांचा सुरुंग काढण्यास उपयोग होईल अशी सूचना केली. ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून जाड पोलादी तारांनी जाळे ओढीत नेणारी वाफेची नौका. आपल्याकडील डोल प्रवाहात एका जागी खुंटावून ठेवतात आणि रापण किनाऱ्यावरून ओढतात. ट्रॉलरचे जाळे मात्र नौकेबरोबर मैलोगणती चालते. त्यासाठी बळकट यंत्र, तारा गुंडाळणारे वाफेचे रहाट, आणि पाण्याखालची तार कशाला अडकली हे तिच्या ताणावरून ओळखणारी माणसे लागतात. सुरुंग काढण्यास नेमके हेच हवे होते. १९०८ मध्ये ग्रिम्झबीच्या ‘अल्गोमा’ आणि ‘अँडीज’ या दोन ट्रॉलरांवर प्रयोग झाले, आणि १९१० मध्ये रॉयल नेव्हल रिझर्व्ह या राखीव नौदलात ट्रॉलरांची स्वतंत्र शाखा स्थापन झाली. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ऐंशीहून अधिक ट्रॉलर या शाखेत सुरुंग काढण्यास सिद्ध होते.

या शाखेच्या हुद्द्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. नौदलाने या माणसांना आपली जुनी पदनामे दिली नाहीत. त्यांच्या धंद्यातलीच उचलली. नौकेचा मुख्य तो ‘स्किपर’, त्याच्या खालचा ‘सेकंड हँड’, बाकीचे ‘डेक हँड’, ‘एंजिनमन’ आणि कोळसा पुरविणारा ‘ट्रिमर’. आपल्याकडे एखाद्या सरकारने नाखवा आणि तांडेल हे शब्द आरमाराच्या हजेरीपटावर हुद्दे म्हणून चढवावेत, तसाच हा प्रकार. साफ केलेल्या मार्गाच्या कडेला रोवायची निशाणाची तरंगती काठी, ‘डॅन’, तीही मच्छीमारांनी आपल्या जाळ्यांच्या खुणेसाठी वापरलेलीच होती. याउलट नौकांची नावे मात्र मागे पडली. प्रत्येक नौकेला नौदलाचा क्रमांक मिळाला आणि कागदोपत्री ती त्या क्रमांकाने ओळखली जाऊ लागली. ‘ओरिअँडा’ ही ९९ क्रमांकाची नौका झाली.

कामाची पद्धत अशी होती. दोन ट्रॉलर एकमेकींपासून सुमारे पाचशे यार्डांवर समांतर चालत आणि त्यांच्यामध्ये एक पोलादी तार ओढली जाई. तार ठराविक खोलीवर राहावी म्हणून प्रत्येक नौकेच्या मागे लाकूड-लोखंडाचे एक जड चौकट सोडीत. तिला ‘काइट’ म्हणजे पतंग म्हणत, कारण वाऱ्यात पतंग वर चढतो त्याच तत्त्वाने ती पाण्यात खाली दबून राही. सुरुंगाची बांधणीची तार या तारेत सापडली की ती ओढली जाऊन तुटे, गोळा वर येई आणि तो बंदुकीच्या गोळ्यांनी बुडवीत वा फोडीत. यातील तार सोडणे व गुंडाळणे मच्छीमारांच्या हाताखालचे होते. अंतर राखून ओळीत चालणे मात्र त्यांना नवे होते. मासे पकडणारा स्किपर दुसऱ्या नौकेपासून शक्य तितका दूर राहण्यात शहाणपण मानतो, आणि ही सवय मोडणेच शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांना अवघड गेले असल्यास नवल नाही.

या पद्धतीत एक उणीव जन्मजात होती. तार नौकांच्या मागे असते. नौका स्वतः तिच्या पुढे, न साफ केलेल्या पाण्यातून चालतात. ट्रॉलरचा पाण्याखालचा भाग खोल असल्यामुळे पाणी उतरलेले असताना सुरुंग तारेत सापडण्याआधी नौकेलाच लागण्याचा संभव अधिक. म्हणून भरतीच्या आसपासचे तास पाहून काम करावे हा साधा नियम होता. सुरुंगांच्या रांगा कोठे आहेत हे ठाऊक असल्यास तो पाळता येई. स्कार्बरोसमोर ते ठाऊक नव्हते.

१६ डिसेंबर १९१४ च्या सकाळी ॲडमिरल हिपर यांच्या जर्मन युद्धनौकांनी हार्टलपूल, स्कार्बरो आणि व्हिटबी या गावांवर तोफा डागल्या. शंभराहून अधिक माणसे मेली आणि ब्रिटनभर संतापाची लाट उसळली. वृत्तपत्रांचे सारे लक्ष पडलेल्या घरांकडे लागले असता त्या स्वारीतील दुसरे काम जवळपास निमूटपणे पार पडले होते. वादळी हवेमुळे हलक्या नौका परत पाठवाव्या लागल्या, परंतु ‘कोलबर्ग’ ही क्रूझर पुढे आली आणि तिने स्कार्बरोच्या दक्षिणेकडील पाण्यात सुमारे शंभर सुरुंग टाकले. किनाऱ्यालगतचा हा मार्ग उत्तरेकडील कोळशाच्या वाहतुकीचा राजरस्ता होय. त्याच दिवशी ‘एल्टरवॉटर’ आणि ‘प्रिन्सेस ओल्गा’ ही ब्रिटिश व ‘व्हारेन’ हे नॉर्वेजियन जहाज तेथे बुडाले, तेव्हा कोठेतरी सुरुंग आहेत एवढे कळले. रांगा कोणत्या दिशेने, किनाऱ्यापासून किती अंतरावर, किती खोल, यांपैकी काहीच कळले नाही.

अशा स्थितीत ग्रिम्झबीच्या ट्रॉलरांना तेथे धाडण्यात आले. त्यांच्या कामाचा जो अधिकृत अहवाल फेब्रुवारी १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एक वाक्य महत्त्वाचे आहे : सुरुंग कसे पसरले आहेत हे जाणण्यासाठी भरती-ओहोटीच्या सर्व वेळी काम करणे भाग होते आणि त्यामुळे धोका पुष्कळ वाढला. शासकीय भाषेच्या संयमामुळे या वाक्याचा अर्थ चटकन लक्षात येत नाही. सुकतीच्या वेळी नौका पाठवायच्या म्हणजे त्या सुरुंगावर आदळण्याची शक्यता पत्करायची, आणि आदळली तर ती आदळलेली जागा नकाशावर मांडायची, असा तो अर्थ आहे. या निर्णयाला क्रूर म्हणणे सोपे असले तरी न्याय्य होणार नाही. मार्ग बंद ठेवता येत नव्हता, आणि प्रत्येक दिवसाच्या विलंबाने कोळशाची जहाजे व त्यांवरील तितकेच निरपराध खलाशी त्या पाण्यात शिरत होते.

१९ डिसेंबरला लेफ्टनंट गॉडफ्री क्रेक पार्सन्स यांच्या हाताखालील गट काम करू लागला. अहवालाप्रमाणे त्या गटाने आठ सुरुंग फोडले आणि आणखी सहा पृष्ठभागावर आणले. ‘ओरिअँडा’ उडाली, पार्सन्स ज्या ५८ क्रमांकाच्या ‘पासिंग’ नौकेवर होते ती आणि ४६५ क्रमांकाची ‘स्टार ऑफ ब्रिटन’ या दोन्ही फुटल्या. आणि हे सर्व दहा मिनिटांच्या आत घडले. सुरुंगांच्या दाट रांगेत गट सरळ शिरला होता. ‘स्टार ऑफ ब्रिटन’च्या मागील भागाखाली लागोपाठ तीन स्फोट झाले, तेव्हा लेफ्टनंट क्रॉसली पंख्याच्या दांड्याजवळच्या चिंचोळ्या जागेत सरपटत शिरले आणि त्यांनी गळती पंपांना आवरेल इतकी बुजविली. ‘स्किपजॅक’ या गनबोटीचे कमांडर लायोनेल प्रेस्टन स्फोट झालेल्या क्षेत्राच्या मध्यभागी आपले जहाज घेऊन गेले. फुटलेले ट्रॉलर आणि वर आलेले सुरुंग यांच्या मधोमध नांगर टाकून त्यांनी ते सुरुंग बुडविण्यास आरंभ केला.

‘ओरिअँडा’वर लेफ्टनंट बूथबी हे अधिकारी होते. त्यांनी आपली सर्व माणसे सुखरूप बाहेर काढली, मृत्यू पावलेला एक मनुष्य वगळता, असे अहवाल म्हणतो. इंग्रजी मजकुरात हा अपवाद कंसात आहे. त्या मनुष्याचे नाव किंवा हुद्दा तेथे नाही. अहवालाचा उद्देश शौर्याची नोंद करणे हा होता आणि मृताने शौर्य दाखविण्याइतका अवधी त्याला मिळाला नव्हता, असा त्याचा बचाव करता येईल. पण ट्रॉलरवरील माणसांची संख्या दहा-बारा असे, आणि ती बहुधा एकाच बंदरातली, पुष्कळदा एकाच गल्लीतली असत. एवढ्या लहान समूहात एक हा आकडा लहान राहत नाही. मात्र याच अहवालात स्किपरांचाही गौरव आहे हे सांगितले पाहिजे. २५ डिसेंबरच्या रात्री ‘गॅलियर’ ही बोट सुरुंग लागून निकामी झाली, तेव्हा ‘सोलॉन’ या ट्रॉलरचा स्किपर कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता तिच्या शोधास निघाला. पाणी उतरलेले होते, रात्र काळोखी होती आणि ‘गॅलियर’वर एकही दिवा नव्हता. या स्किपरला आपण काय करीत आहोत याचे ज्ञान कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा कमी नव्हते. सुकती म्हणजे काय हे तो लहानपणापासून जाणत होता.

ट्रॉलरच्या खोल तळाचा दोष या घटनांनी ठळक झाला. पुढील काळात सहलींसाठी वापरल्या जाणाऱ्या, बाजूस चाके असलेल्या उथळ आगबोटी या कामाला मोठ्या संख्येने घेण्यात आल्या. तरी ट्रॉलर मागे पडले नाहीत. तितक्या मोठ्या संख्येने आणि तितक्या वाऱ्या-पावसात उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या नौकाच नव्हत्या. युद्धाच्या अखेरीपर्यंत ब्रिटिश नौदलाच्या सेवेतील दोनशेंहून अधिक ट्रॉलर नाश पावले. सुरुंगांचे युद्धही उत्तर समुद्रापुरते राहिले नाही. ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईबाहेर सुरुंग टाकले, आणि चार महिन्यांनी, २३ जून १९१७ रोजी, ऐन पावसाळ्यात पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही बोट मुंबईच्या दक्षिणेस त्यांपैकी एकावर आदळून बुडाली. टाकणारे जहाज तोवर हजारो मैल दूर गेलेले होते.

स्कार्बरोसमोर ‘ओरिअँडा’च्या दुसऱ्याच दिवशी, २० डिसेंबरला, ‘गार्मो’ बुडाली आणि नाताळच्या दिवशी ‘नाइट हॉक’. जेथे जेथे एखादी नौका गेली तेथे तेथे नकाशावर एक खूण वाढली आणि रांगांची दिशा थोडी अधिक स्पष्ट झाली. त्या खुणांच्या आधारे डॅन रोवले गेले व त्यांच्या आतील पट्ट्यातून व्यापारी जहाजे जाऊ लागली. लेफ्टनंट बूथबी यांना दुसरी नौका मिळाली : ‘बॅनियर्स’, क्रमांक ४५०. ती ६ जानेवारी १९१५ रोजी त्यांच्यासह सुरुंगाने उडाली. बूथबी त्यातूनही वाचले.