संयोजक क्रियापदानंतरचे विशेषण आणि क्रियाविशेषण (इंग्लिश व्याकरण)

इंग्लिश व्याकरणात कर्त्याची स्थिती किंवा गुण सांगणाऱ्या विशेषणाला कर्त्याशी जोडणाऱ्या क्रियापदास संयोजक क्रियापद असे म्हणतात. अशा क्रियापदानंतर येणारे विशेषण कर्त्याचे वर्णन करते आणि त्या विशेषणाची मात्रा, तीव्रता किंवा छटा क्रियाविशेषणाने दाखवली जाते. उदाहरणार्थ, 'द टी वॉज व्हेरी हॉट' (चहा फार गरम होता) या वाक्यात 'वॉज' हे भूतकाळातील संयोजक क्रियापद, 'हॉट' हे विशेषण आणि 'व्हेरी' हे त्या विशेषणाचा अर्थ वाढवणारे क्रियाविशेषण आहे. नावावरून क्रियाविशेषण केवळ क्रियापदाबद्दल माहिती देते असे वाटते. परंतु ते विशेषणाबद्दल, दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल किंवा संपूर्ण वाक्याबद्दलही माहिती देऊ शकते. संयोजक क्रियापद असलेल्या वाक्याचा अर्थ लावताना क्रियाविशेषण नेमके कोणाशी जोडले आहे, हे पाहणे महत्त्वाचे असते.

संयोजक क्रियापदे

मराठी व्याकरणात 'तो शिक्षक झाला' किंवा 'आंबा गोड लागला' या वाक्यांतील 'शिक्षक' व 'गोड' या शब्दांना विधानपूरक म्हणतात, कारण त्यांच्यावाचून विधान पूर्ण होत नाही. इंग्लिशमधील संयोजक क्रियापदांनाही असाच पूरक शब्द लागतो. नेहमी आढळणाऱ्या संयोजक क्रियापदांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात. कंसात त्यांची भूतकाळी रूपे दिली आहेत.

* अस्तित्व किंवा भास दाखवणारी: बी (वॉज, वेअर), सीम (सीम्ड), अपिअर (अपिअर्ड), रिमेन (रिमेन्ड)
* इंद्रियानुभव दाखवणारी: लुक (लुक्ड), साउंड (साउंडेड), टेस्ट (टेस्टेड), स्मेल (स्मेल्ड किंवा स्मेल्ट), फील (फेल्ट)
* स्थित्यंतर दाखवणारी: बिकम (बिकेम), ग्रो (ग्रू), टर्न (टर्न्ड), गेट (गॉट), गो (वेंट)

भूतकाळ केवळ क्रियापदाच्या रूपातून व्यक्त होतो. विशेषण आणि त्याचे क्रियाविशेषण यांत काळ, लिंग किंवा वचनानुसार बदल होत नाही. 'द रूम इज क्वाइट डार्क' आणि 'द रूम्स वेअर क्वाइट डार्क' या दोन वाक्यांत 'क्वाइट डार्क' हे शब्द जसेच्या तसे राहतात.

विशेषण की क्रियाविशेषण

वरीलपैकी अनेक क्रियापदे दुहेरी स्वरूपाची आहेत. 'लुक' म्हणजे 'दिसणे' तसेच 'पाहणे'. 'टेस्ट' म्हणजे 'चव लागणे' तसेच 'चव घेणे'. पहिल्या अर्थाने ती संयोजक असतात व त्यांच्यापुढे विशेषण येते. दुसऱ्या अर्थाने ती कृती दाखवतात व कृतीची रीत सांगण्यासाठी क्रियाविशेषण येते.

* 'ही लुक्ड अँग्री': तो रागावलेला दिसला.
* 'ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द बॉय': त्याने मुलाकडे रागाने पाहिले.
* 'द सूप टेस्टेड गुड': सूप चवीला चांगले लागले.
* 'शी टेस्टेड द सूप केअरफुली': तिने सूपची चव लक्षपूर्वक घेतली.

क्रियापदाच्या जागी 'वॉज' किंवा 'वेअर' घालून पाहणे ही यासाठीची सोपी कसोटी होय. 'ही वॉज अँग्री' हे वाक्य अर्थपूर्ण आहे; म्हणून तेथे 'लुक्ड' हे संयोजक क्रियापद ठरते. 'शी वॉज द सूप' असे म्हणता येत नाही. म्हणून तेथे 'टेस्टेड' ही कृती आहे.

'वेल' या शब्दाबाबत विशेष सावधगिरी आवश्यक असते. तो 'गुड' या विशेषणाशी संबंधित क्रियाविशेषण आहे; परंतु 'प्रकृती ठीक असलेला' या अर्थाने तो स्वतः विशेषणही आहे. त्यामुळे 'शी सँग वेल' (ती चांगली गायली) आणि 'शी फेल्ट वेल' (तिला बरे वाटले) ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. 'वाईट वाटले' या अर्थाने 'आय फेल्ट बॅड' हे रूप प्रमाण मानले जाते. 'आय फेल्ट बॅडली' हेही बोलण्यात आढळते, मात्र अनेक शैली-मार्गदर्शक ते टाळण्यास सांगतात.

विशेषणाला जोडलेले क्रियाविशेषण

संयोजक क्रियापदानंतर विशेषणच येत असले, तरी त्या विशेषणाआधी क्रियाविशेषण येऊ शकते. 'द सूप टेस्टेड सरप्रायझिंगली गुड' या वाक्यात 'सरप्रायझिंगली' हा शब्द 'टेस्टेड'शी नव्हे, तर 'गुड'शी जोडलेला आहे. सूप अनपेक्षितपणे चांगले होते, असा त्याचा अर्थ होतो. अशा क्रियाविशेषणांचे पुढील प्रकार आढळतात.

* मात्रा दाखवणारी: व्हेरी, फेअरली, रादर, स्लाइटली, एक्स्ट्रीमली
* मर्यादेचे उल्लंघन किंवा पूर्तता दाखवणारी: टू, इनफ
* पूर्णत्व दाखवणारी: कम्प्लीटली, अ‍ॅब्सोल्यूटली
* मूल्यमापन किंवा परिणाम दाखवणारी: सरप्रायझिंगली, डेंजरसली, पेनफुली

'द रिव्हर वॉज डेंजरसली हाय' या वाक्यात नदीची पातळी धोकादायक ठरेल इतकी वाढली होती, असे सांगितले आहे. येथे 'डेंजरसली' ऐवजी 'डेंजरस' लिहिल्यास वाक्य अशुद्ध ठरते.

मात्रादर्शक क्रियाविशेषण बहुधा विशेषणाच्या लगेच आधी येते. 'इनफ' हा त्यास महत्त्वाचा अपवाद असून तो विशेषणानंतर येतो: 'द वॉटर वॉज वॉर्म इनफ' (पाणी पुरेसे कोमट होते).

'व्हेरी' हा शब्द ज्याचे प्रमाण कमी-अधिक होऊ शकते अशा गुणासाठी वापरतात. 'फ्रीझिंग' (गोठवणारे थंड) किंवा 'इम्पॉसिबल' (अशक्य) यांसारख्या टोकाचा अर्थ असलेल्या विशेषणांपूर्वी सामान्यतः 'अ‍ॅब्सोल्यूटली', 'कम्प्लीटली' असे शब्द येतात. 'क्वाइट' हा शब्द या दोन्ही गटांत वेगळा अर्थ देतो: ब्रिटिश इंग्लिशमध्ये 'क्वाइट गुड' म्हणजे बहुधा 'बऱ्यापैकी चांगले', तर 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे 'पूर्णतः अशक्य'. अमेरिकन इंग्लिशमध्ये 'क्वाइट गुड'चा अर्थ 'खूप चांगले' याच्या जवळ जातो.

तुलनादर्शक रूपांपूर्वी 'व्हेरी' चालत नाही. तेथे 'मच' किंवा 'फार' वापरतात, जसे 'ही वॉज मच टॉलर'. हा इंग्लिश 'फार' आणि मराठी 'फार' यांतील ध्वनिसाम्य योगायोगाचे आहे.

संपूर्ण वाक्याला लागू होणारे क्रियाविशेषण

'वॉज' आणि विशेषण यांच्यामध्ये आलेले प्रत्येक क्रियाविशेषण विशेषणाशीच जोडलेले असते असे नाही. 'शी वॉज प्रॉबब्ली इल' (ती बहुधा आजारी होती) या वाक्यात 'प्रॉबब्ली' हा शब्द आजाराची तीव्रता सांगत नाही; तो संपूर्ण विधानाची शक्यता सांगतो. 'ऑल्वेज', 'स्टिल', 'ऑलरेडी' हे शब्दही विधानाचा काळ किंवा वारंवारता दाखवतात. याउलट 'शी वॉज सिरिअसली इल' या वाक्यात 'सिरिअसली' हा शब्द आजाराचे गांभीर्य सांगतो. 'किती?' किंवा 'कोणत्या प्रमाणात?' या प्रश्नाचे उत्तर मिळत असेल, तर क्रियाविशेषण बहुधा विशेषणाशी जोडलेले असते.

स्थान बदलल्यास अर्थ कसा बदलतो हे 'रिअली' या शब्दावरून स्पष्ट होते. 'ही वॉज रिअली इल' म्हणजे साधारणतः 'तो खूप आजारी होता', तर 'ही रिअली वॉज इल' म्हणजे 'तो खरोखरच आजारी होता', म्हणजेच त्याने आजाराचे सोंग केले नव्हते. पहिल्या वाक्यात आजाराची तीव्रता सांगितली आहे, तर दुसऱ्यात विधानाच्या सत्यतेवर भर आहे.

'-ली' प्रत्यय आणि त्याचा इतिहास

इंग्लिशमधील अनेक क्रियाविशेषणे विशेषणास '-ली' हा प्रत्यय लागून तयार होतात. मात्र हा प्रत्यय क्रियाविशेषणाची खात्रीशीर खूण नाही. 'फ्रेंडली', 'लोनली', 'लवली' ही विशेषणे आहेत, तर 'व्हेरी', 'टू', 'क्वाइट' ही प्रत्ययाविना असलेली क्रियाविशेषणे आहेत. 'हार्ड'पासून झालेल्या 'हार्डली'चा आजचा अर्थ 'कष्टाने' असा नसून 'जेमतेम' असा आहे.

जुन्या इंग्लिशमध्ये काही क्रियाविशेषणे शब्दान्ती केवळ एक स्वर जोडून बनत. पुढे हे अंत्य स्वर लोप पावल्याने विशेषण व क्रियाविशेषण यांची रूपे अनेक ठिकाणी सारखी झाली. अठराव्या शतकापर्यंत 'एक्सीडिंग'सारखे '-ली'विरहित शब्द विशेषणापूर्वी लिखाणात सर्रास येत. रॉबर्ट लोथ यांनी 1762 मध्ये प्रकाशित केलेल्या आपल्या इंग्लिश व्याकरणात विशेषणाचा क्रियाविशेषणासारखा उपयोग अयोग्य ठरवला. औपचारिक लेखनात पुढे '-ली'युक्त रूपे रूढ झाली. तरी अमेरिकन बोलीभाषेत 'रिअल गुड' असा प्रयोग आजही ऐकू येतो. स्वतः 'व्हेरी' हा शब्द 'खरा' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच विशेषणापासून आला आहे.

मराठीशी तुलना

मराठीतही क्रियाविशेषण विशेषणाच्या आधी येते. परंतु दोन्ही भाषांतील काही भेदांमुळे मराठी भाषक विद्यार्थ्यांकडून विशिष्ट चुका होतात.

* मराठीत 'ती छान दिसली' आणि 'ती छान गायली' या दोन्ही वाक्यांत 'छान' हा एकच शब्द येतो. इंग्लिशमध्ये पहिल्या ठिकाणी विशेषण ('शी लुक्ड नाइस') आणि दुसऱ्या ठिकाणी क्रियाविशेषण ('शी सँग नाइसली') लागते.
* 'रस्सा थोडा तिखट होता' आणि 'भाजी थोडी खारट होती' या वाक्यांत मात्रा दाखवणारा शब्द नामाच्या लिंगानुसार बदलतो. इंग्लिशमधील 'स्लाइटली' मात्र बदलत नाही.
* 'चहा फार गरम होता' या वाक्यातून 'व्हेरी हॉट' (पुष्कळ गरम) आणि 'टू हॉट' (पिता येणार नाही इतका गरम) हे दोन्ही अर्थ निघू शकतात. मराठीत नेमका अर्थ संदर्भावरून कळतो, इंग्लिशमध्ये शब्द निवडावा लागतो.
* 'तो भावापेक्षा खूप उंच होता' या वाक्यात 'उंच' हे विशेषण बदलत नाही, कारण तुलना 'पेक्षा' या शब्दयोगी अव्ययाने दाखवली जाते. त्यामुळे 'व्हेरी टॉल दॅन' अशी चुकीची रचना केली जाते. शुद्ध रचना 'मच टॉलर दॅन' ही होय.