पदवी पुन्हा रुग्णशय्येकडे

विद्यापीठाची सर्वोच्च पदवी संपादन करणाऱ्या परिचारिकेने रुग्णशय्येपासून दूर जावे की तिच्या अधिक निकट यावे, हा प्रश्न अमेरिकेतील परिचर्याशिक्षणात कित्येक दशके रेंगाळत राहिला. आणि त्याचे उत्तर ज्या गुणवत्ता-सुधार प्रकल्पात अखेर गवसले, त्याचे मूळ मात्र त्याहूनही मागे, क्रिमियाच्या युद्धात आहे.

1854 च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झाल्या, तेव्हा तेथील दफ्तराची अवस्था अशी होती की मृत्यूंच्या नोंदीसुद्धा परस्परांशी जुळत नसत. पुढील मार्चात ब्रिटिश सरकारने धाडलेल्या आरोग्य-आयोगाने गटारे उपसली, हवेला वाट करून दिली आणि मृत्युसंख्या झपाट्याने उतरली. परंतु या घटीचे खरे कारण नाइटिंगेलबाईंना पुरतेपणी उमगले ते युद्ध संपल्यावर, विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने सारे आकडे त्यांनी नव्याने मांडले तेव्हा. 1858 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वर्तुळाकार आकृत्यांनी सिद्ध केले की जखमांहून कितीतरी अधिक शिपाई टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते. सेवाभावाला हिशेबाची शिस्त लागली ती येथे.

अमेरिकेत परिचारिकांना डॉक्टरेटचे द्वार उघडले ते 1920 नंतरच्या दशकात, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात, आणि तेही शिक्षणशास्त्राच्या वाटेने. 1934 साली न्यूयॉर्क विद्यापीठाने पीएच.डी.चा अभ्यासक्रम सुरू केला. या पदव्यांनी परिचर्येला शास्त्राची प्रतिष्ठा दिली हे निर्विवाद. पण पदवीधर परिचारिका अध्यापिका, संशोधिका वा अधिकारी झाली, आणि वॉर्डाशी असलेले तिचे नाते विरळ होत गेले.

1999 साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने, अमेरिकी रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी 44,000 ते 98,000 माणसे मृत्युमुखी पडत असावीत असा अंदाज मांडला, आणि रुग्णसेवेची घडी सुधारणाऱ्या माणसांची निकड सर्वांना पटली. 2001 मध्ये केंटकी विद्यापीठाने ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ ही प्रत्यक्ष रुग्णसेवेकडे वळणारी पदवी सुरू केली. 2004 च्या ऑक्टोबरात परिचर्या-महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला पाठिंबा देणारा ठराव केला आणि 2006 साली तिच्या शिक्षणाची मूलतत्त्वे निश्चित केली.

या पदवीसाठी प्रबंधाऐवजी गुणवत्ता-सुधाराचा प्रकल्प करावयाचा असल्याने विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकापुढे निराळेच आव्हान उभे राहिले. बहुतेक प्राध्यापक स्वतः प्रबंधाच्या परंपरेत घडलेले. सर्वत्र लागू पडेल असे नवे ज्ञान मागण्याची त्यांना सवय, तर येथे हवी होती एका ठिकाणच्या कारभारातली, मोजून दाखवता येईल अशी सुधारणा. 2015 साली त्याच संघटनेने पदवीच्या या अंतिम कार्याला प्रबंध न म्हणता प्रकल्पच म्हणावे, असे स्पष्ट केले. ‘रुग्ण पडू नयेत’ असा मोघम संकल्प घेऊन विद्यार्थिनी येते, तेव्हा कोणत्या वॉर्डात, कोणत्या प्रहरी, किती रुग्ण पडतात आणि किती मुदतीत ते प्रमाण किती खाली आणावयाचे, हे मार्गदर्शक तिच्याकडून वदवून घेतो. आरंभीची स्थिती नोंदल्यावाचून तो बदलाला हात लावू देत नाही. नंतर शूहार्ट व डेमिंग यांच्या विचारातून आलेले योजना, प्रयोग, अभ्यास आणि अंमल हे चक्र एका पाळीपुरते, एका खोलीपुरते फिरवून पाहावयास लावतो. रुग्णाला अंथरुणालाच खिळवून ठेवल्यास पडण्याची संख्या घटेल खरी, पण त्याचे चालण्याचे बळही खचेल. म्हणून एका सुधारणेने दुसरीकडे हानी तर झाली नाही ना, याचेही मापन तो मागतो. प्रकल्प संशोधनाच्या कक्षेत शिरत असेल, तर नीतिसमितीपुढे जाण्यास फर्मावतो. आणि शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण: विद्यार्थिनी पदवी घेऊन निघून गेल्यावर ही रीत कोण चालवील?

या प्रश्नाला उत्तर नसलेला प्रकल्प, त्याचा अहवाल कितीही सुबक असो, अपुराच समजला पाहिजे. मार्गदर्शकाच्या कर्तृत्वाची खरी साक्ष ग्रंथालयातल्या कपाटात मिळत नाही. ती त्या वॉर्डाच्या नोंदवहीत, वर्षा-दोन वर्षांनंतरच्या पानांवर मिळते.